शुश्रूषागृहाची निवड : वैयावृत्त्याचा एक विचार



आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात वैयावृत्त्याला शिक्षाव्रतांत स्थान दिले. तत्त्वार्थसूत्रात त्याची गणना अंतरंग तपांत होते. त्याचा मूळ रोख साधुसेवेकडे आहे. तथापि घरातील आजारी वृद्धांची सेवाही त्याच भावनेने करण्याची रीत श्रावकांच्या घरांत चालत आली आहे. औषधदान तर चार दानांपैकी एक. एवढे असूनही एक गोष्ट समाजात सहसा चर्चेला येत नाही. सोने घेताना हॉलमार्क पाहणारा, मुलीचे स्थळ पाहताना चार गावांत चौकशी करणारा श्रावक, आईला ज्या शुश्रूषागृहात दाखल करायचे त्याची चौकशी केव्हा करतो? रात्री अकरा वाजता, रिक्षात बसल्यावर.

सांगली-मिरजेत शुश्रूषागृहांची वाण नाही. सर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभे केले; १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. कर्नाटकाच्या सीमाभागातून आजही रुग्ण येतात, म्हणून मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणतात. एका गल्लीत पाच-सहा पाट्या दिसतात. पर्याय अधिक असल्याने निवड सोपी होते असे नव्हे. उलट, सर्व पाट्या सारख्याच दिसू लागतात.

पहिला गैरसमज असा की, कुटुंबाचे एकच ठरलेले शुश्रूषागृह असावे. आजार बदलला की स्थान बदलते. पक्षाघातात, म्हणजे तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन आवश्यक असतो. जेथे रात्री स्कॅन होत नाही तेथे घराजवळचे, ओळखीचे, स्वच्छ असे शुश्रूषागृह गाठणे म्हणजे त्या साडेचार तासांतील एक तास वाया घालवणे होय. खुब्याचे हाड मोडले तर एवढी घाई नसते, मात्र शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांत व्हावी लागते. तेथे अस्थिरोगतज्ज्ञाइतकेच महत्त्व भूलतज्ज्ञाला आणि हृदय तपासणाऱ्या फिजिशियनला असते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा असल्याने लेकीसाठीची निवड माहेरच्या माणसांवर येते. त्यांनी खोलीतील वातानुकूलन यंत्र पाहण्यापेक्षा एवढे विचारावे की, अतिरक्तस्राव झाला तर रक्त कोणत्या पेढीतून आणि किती मिनिटांत येते, आणि बालरोगतज्ज्ञ प्रसूतीच्या वेळी हजर असतात की फोनवर.

सर्वांत महत्त्वाची चौकशी रात्रीची. दिवसा प्रत्येक शुश्रूषागृह चांगले असते. प्रमुख डॉक्टर असतात, परिचारिका असतात, स्वागतकक्षात हसतमुख मुलगी असते. रात्री दोन वाजता तेथे कोण असते? निवासी डॉक्टर कोणत्या शाखेचे पदवीधर आहेत? प्रमुख डॉक्टर किती अंतरावर राहतात? पांढरा गणवेश पाहून सर्वांना ‘सिस्टर’ म्हटले जाते, परंतु जी.एन.एम. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, ए.एन.एम. दोन वर्षांचा, आणि अनुभवावर शिकलेली आयाबाई ही तिसरी गोष्ट. तिघींचीही सेवा मोलाची आहे, पण शिरेतून देण्याचे औषध कोणी द्यावे हा प्रश्न सौजन्याचा नाही. हे विचारल्यावर जेथे कपाळाला आठी पडते तेथे पुढचे काही विचारण्याची गरज उरत नाही. एखाद्या परिचिताचा रुग्ण दाखल असेल तर रात्री साडेनऊनंतर भेटीस जावे. घंटा वाजवल्यावर किती वेळाने कोणी येते, हे त्या एका भेटीत कळते.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगता येतो. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते. २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद लावणेही बंधनकारक केले. तपशीलवार बिल मिळणे, औषधे बाहेरून आणता येणे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येणे हे त्या हक्कांपैकी आहेत. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते शुश्रूषागृह आहे का, आणि असल्यास त्या विशिष्ट आजारासाठी आहे का, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. ७० वर्षांवरील ज्येष्ठांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट नाही. त्यांचे कार्ड आजारपणाआधी काढलेले असावे.

आग आणि पाणी यांचा विचार सुखवस्तू घरांतही होत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशुकक्षाला आग लागून १० बालके दगावली. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ते पाहण्यास मागणे हा उद्धटपणा नव्हे. मागच्या जिन्यात खाटा आणि रिकामी खोकी रचलेली असतील, तर प्रमाणपत्राकडे पाहण्याचेही कारण नाही. सांगलीकरांना पाण्याबद्दल वेगळे सांगावयास नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. २००५ आणि २०२१ सालीही पूर आला. जनित्र तळघरात आहे की वर, आणि प्राणवायूचा साठा कोठे आहे, हे येथे विचारलेच पाहिजे.

आता जैन कुटुंबाचा स्वतःचा प्रश्न. अनेक ज्येष्ठांचा सूर्यास्तानंतर चारही प्रकारच्या आहाराचा त्याग असतो. शुश्रूषागृहाच्या वेळापत्रकात रात्रीचे जेवण आठला आणि त्याआधी इन्सुलिन. आजींनी इन्सुलिन घेतले, ताट मात्र परत पाठवले, आणि संकोचाने कोणाला सांगितले नाही, तर पहाटेपर्यंत रक्तातील साखर जिवावर बेतण्याइतकी उतरू शकते. नियम मोडावा लागतो म्हणून असे घडत नाही. नियम सांगितला गेला नाही म्हणून घडते. दाखल करतानाच केसपेपरवर लिहून घ्यावे : आहार किती वाजेपर्यंत, रात्री औषध-पाण्याची सूट आहे किंवा नाही, कंदमूळ वर्ज्य, पाणी उकळलेले, अष्टमी-चतुर्दशीचा उपवास आहे का. चांगले डॉक्टर त्याप्रमाणे मात्रा आणि वेळा बदलतात. काही ठिकाणी तर ते स्वतःहून विचारतात, आणि जे विचारतात त्यांच्याकडे रुग्ण निश्चिंत मनाने सोपवावा.

औषधांच्या बाबतीत अधिक स्पष्ट बोलावे लागेल. बहुतेक कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनलेले असते. पुष्कळदा तेच औषध गोळीच्या रूपात मिळते. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे हेपारिन डुकराच्या आतड्यापासून मिळवतात. कृत्रिम रीतीने तयार होणारे पर्यायी औषध आहे, परंतु ते प्रत्येकाला चालत नाही. मूत्रपिंडे फार बिघडलेली असतील तर नाहीच. हे ज्ञान पुष्कळ कुटुंबांना नसते, आणि ज्यांना ते अतिदक्षता विभागाच्या दाराशी मिळते त्यांच्यात मोठा मुलगा एक म्हणतो, धाकटा दुसरे. आजोबांना स्वतःला काय मान्य आहे हे त्यांना धडधाकट असताना, घरच्या ओसरीवर विचारता येते. ज्यांना अधिक स्पष्टता हवी त्यांनी मुनिमहाराजांकडून मार्गदर्शन घ्यावे.

अखेरच्या दिवसांचाही उल्लेख टाळता येत नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी सल्लेखनेविरुद्ध निर्णय दिला, समाजाने देशभर मौन मोर्चे काढले आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. सल्लेखना हे गुरूंच्या आज्ञेने, पूर्ण शुद्धीत घेतलेले व्रत आहे. अतिदक्षता विभागात बेशुद्ध असलेल्या वृद्धाचे कृत्रिम श्वसनयंत्र चालू ठेवावे की नाही, या प्रश्नाला कोणी ते नाव देऊ नये. त्या प्रश्नासाठी सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी आगाऊ इच्छापत्राचा मार्ग मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सुलभ केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे लागते. शुश्रूषागृह निवडताना विचारावे, येथे असे इच्छापत्र मानले जाते का? आणि अतिदक्षता विभागात घरच्या एका माणसाला णमोकार मंत्र म्हणण्यापुरते जवळ बसू देतात का? दुसरा प्रश्न लहान वाटेल. ज्यांना दाराबाहेर थांबावे लागले त्यांना तो लहान वाटत नाही.

राहिला ओळखीचा प्रश्न. ‘डॉक्टर समाजातील आहेत, पंचकल्याणकात त्यांनी बोली घेतली होती’ हा निवडीचा निकष म्हणून सर्रास ऐकू येतो. समाजातील डॉक्टरांविषयी आदर असावाच. परंतु ओळखीमुळे प्रश्न विचारण्याचा संकोच होत असेल तर त्या ओळखीचा तोटा रुग्णाला होतो. तसेच, रुग्ण पाठवणाऱ्यास ‘कट’ देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे हे सर्वांना ठाऊक आहे. एकाच ठिकाणी जाण्याचा आग्रह कोणी फार धरला तर कारण विचारण्यात गैर नाही.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टला एक साधे काम करता येईल : कार्यालयात एक वही. तिच्यात कोणत्याही शुश्रूषागृहाची स्तुती अथवा निंदा नको. शहरातील प्रत्येक ठिकाणी रात्री सीटी स्कॅन होतो का, निवासी डॉक्टर व प्रशिक्षित परिचारिका किती, जनित्र कोठे, कोणत्या योजना लागू, सूर्यास्तापूर्वी जेवण मिळते का, एवढे रकाने. युवक मंडळातील दोघांनी दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष जाऊन ते भरावेत आणि तारीख घालावी. रुग्ण घरी आल्यावर कुटुंबाने आपला अनुभव, बिलाच्या आकड्यासह, सहीनिशी लिहावा. विश्वस्तांपैकी कोणाच्या नातलगाचे शुश्रूषागृह असेल तर त्या पानावर तशी नोंद असावी. वही मंदिराच्या कपाटात कुलूपबंद राहू नये. तिची एक प्रत पुजाऱ्यांकडे आणि एक रुग्णवाहिकेच्या चालकाकडे असावी, कारण रात्री अकरा वाजता फोन त्यांनाच येतो.

जय जिनेंद्र.