ऑटोपायलट सुटल्यानंतर



३१ मे २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान काही तासांनी अटलांटिकवर ३५,००० फुटांवरून जात होते. कप्तान विश्रांतीस गेले होते. सूत्रे दोन सहवैमानिकांकडे, खरे पाहता ऑटोपायलटकडेच होती. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत हिमकण अडकले, वेगाचे आकडे विसंगत झाले आणि ऑटोपायलटने आपण होऊन माघार घेतली.

विमान तोवर सुस्थितीत होते. नाकाची दिशा व इंजिनांचा जोर आहे तसा राखला असता, तर पुरले असते. सहवैमानिकाने मात्र नाक वर खेचले. विमान सुमारे ३८,००० फुटांवर चढले, वेग मंदावला, पंखांचा आधार सुटला. धोक्याची सूचना वारंवार घुमत होती. अशा वेळी नाक खाली करावयाचे, हा तर वैमानिकाच्या शिक्षणातील अगदी आरंभीचा पाठ! वेगाचे आकडे मिनिटभरातच पूर्ववत झाले होते. तरीही नाक वर खेचणे बहुतांशी चालूच राहिले. ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रावर आदळले. २२८ जण मृत्युमुखी पडले.

त्या वैमानिकांना अकुशल ठरविणे अन्यायाचे होईल. अतिउंचीवर विमान हाताने चालविण्याचे प्रशिक्षणच सहवैमानिकांना मिळाले नव्हते, असे २०१२ च्या फ्रेंच चौकशी अहवालात नमूद आहे. प्रवासाचा तो टप्पा नित्य यंत्रच सांभाळणार, मग सराव व्हावा कोठून? (पाढे तोंडपाठ केलेल्या पिढीला हे निराळे सांगावयास नको.) जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने विमान कंपन्यांना सुचविले, की योग्य प्रसंगी वैमानिकांना स्वहस्ते उड्डाण करू द्यावे.