परसातील केळ आणि शेजारधर्म
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षणनिधीसारखे मोठे विषय समोर असता मी केळीच्या मुनव्यासारखा क्षुल्लक विषय का निवडला, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. परंतु पूर्वजांचा जो ठेवा कोणत्याही दस्तऐवजात नोंदलेला नाही, त्यांत परसातील केळीची जुनी बेटे मोडतात. आणि ती आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होत आहेत. राजेळी, मुठेळी, तांबडी, सोनकेळी ही नावे आज किती मुलांना ठाऊक आहेत? वसई तालुक्यातील आगाशीकडची प्रसिद्ध सुकेळी राजेळीचीच होतात; राजेळी गेली की सुकेळीही गेली.

आपल्या खाण्यातील केळीला बी धरत नाही. फळातील काळे ठिपके म्हणजे न वाढलेली बीजेच होत. केळ एकदाच विते आणि मरते. तिचा वंश चालतो तो बुंध्याशी फुटणाऱ्या मुनव्यांवर. म्हणून केळीचे बी डब्यात जपता येत नाही. ती जिवंत राहते ती कोणाच्या तरी जमिनीतच.

असे असूनही, ‘हे वाण आमच्याच घरी आहे’ या अभिमानाने मुनवा नाकारणारी माणसे मी पाहिली आहेत. अशाच एका घरी विहिरीमागे तांबड्या केळीचे बेट होते. शेजाऱ्याने दोनदा मागूनही मुनवा मिळाला नाही. पुढे वाटण्या झाल्या, परस विकले गेले, इमारत उभी राहिली. आज त्या घरच्या नातवाला ती केळ हवी आहे. पण मागावी कोणाकडे? शेजाऱ्यास ती दिली असती, तर त्याच्याच दारातून परत आणता आली असती. दिलेला मुनवा ही आपलीच ठेव असते, ती अशी.

एकाच वाणावर विसंबण्याचे फळ जगाने भोगले आहे. निर्यातीच्या व्यापारात सर्वत्र लावलेली ‘ग्रो मिशेल’ केळी पनामा मर रोगाने १९६० च्या सुमारास बाजारातून उठली. तिच्या जागी आलेल्या कॅव्हेंडिशवरही त्याच रोगाचा नवा प्रकार पडला असून २०१९ मध्ये तो कोलंबियात पोहोचला. आपली बसराईही कॅव्हेंडिश कुळातलीच आहे.

मात्र देण्यालाही विवेक हवा. मुनव्याबरोबर मर रोग, पर्णगुच्छ आणि कंद पोखरणारा सोंडकिडाही शेजारी जातात. म्हणून मुनवा निरोगी बेटातलाच, तलवारीसारख्या अरुंद पानांचा घ्यावा. मुळे छाटून, कंद तासून, माती पूर्ण झाडून तो द्यावा. कारण मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते. रोगट बेटातला मुनवा मागणाऱ्यास नम्रपणे नाही म्हणणे, हाही शेजारधर्मच होय.

माझी विनंती एवढीच की, प्रत्येक कुटुंबाने आपल्या परसातील वाणाचे नाव एका वहीत लिहावे आणि पावसाळ्याच्या आरंभी निदान दोन घरी एकेक मुनवा द्यावा. सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधण्यासाठी आपण केळीचे खुंट सहज तोडतो. तेव्हा दुर्मिळ वाणाचा एखादा मुनवा शेजाऱ्यासाठी राखला, तर त्या पूजेच्या प्रसादाइतकाच तो पवित्र ठरेल.