अडकलेले काडतूस
१९६१ साली देशातील पहिली सैनिकी शाळा ज्या साताऱ्यात स्थापन झाली, तेथील आणि शेजारच्या सांगलीतील छात्रसैनिकांनी चांदमारीवर नेमबाजीच्याही आधी आत्मसात करावी अशी शिस्त, माझ्या मते, ही की, चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळीचे तोंड निशाणाकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबावे आणि उस्तादांच्या हुकुमाविना बोल्टास हात लावू नये. कारण दारू विलंबाने पेटण्याचा संभव असतो. हुकूम मिळून बोल्ट ओढला तरी काडतूस बाहेर येईलच असे नाही: पावसाळी दमटपणाने गंजलेल्या वा काजळी साचलेल्या रायफलीच्या कोठीत पितळी कवच घट्ट रुतते आणि त्याच्या कडेवरून बोल्टाचा आकडा निसटतो. रिकामे कवच शस्त्रांची देखभाल करणारा आर्मरर नळीतून गज घालून काढतो. भरलेल्या काडतुसास गजाने ठोकणे मात्र प्राणावर बेतणारे असल्यामुळे, ते अडकलेली रायफल कोणत्या अवस्थेत आहे हे स्पष्ट सांगून, तिचे तोंड सुरक्षित दिशेस राखून, आर्मररच्याच स्वाधीन करावी.