जुनी दमदार गाडी आणि तिच्यातल्या सोयी

 

गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परतले, की आमच्या गटांच्या बैठकीत एक अर्ज हमखास येतो. भावोजी मुंबईत नवीन गाडी घेतात आणि जुनी गावातच विकायची म्हणतात. किंवा मुलगा फोनवर एक फोटो दाखवतो: "आये, इंजिन बघ केवढा दमदार हा! आणि किंमत लाखाच्या आत!" मग आई गटाकडे कर्ज मागते. पूर्वी कर्ज शेळीला, शिलाई मशीनला, काजूच्या हंगामाला मागितलं जायचं. आता गाडीलाही मागितलं जातं, आणि त्यात वावगं काही नाही. पण शेळी घेताना आपण दात बघतो, कास बघतो. गाडी घेताना काय बघायचं? आज त्याच विषयावर बोलू या.

आधी दमदार गाडी म्हणजे काय ते पाहू. अंगाने हलकी आणि इंजिनाने मोठी, अशा गाड्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याकडे आल्या. १९९९ साली आलेली फोर्ड आयकॉन, जिची जाहिरातच 'जोश मशीन' अशी होती. होंडा सिटीचं व्हीटेक इंजिनाचं मॉडेल. फियाट पॅलिओचं १.६ लिटरचं मॉडेल, ज्या पॅलिओची जाहिरात सचिन तेंडुलकर करायचा. आजही ती फोंडा घाटात, करूळ घाटात, आंबोलीच्या चढावर दम न लागता चढते. पोरांना तिचं वेड लागतं ते उगीच नाही.

पण विकणारा इंजिनाबरोबर आणखी एक यादी वाचतो. एसी, पॉवर स्टिअरिंग, पॉवर विंडो, सेंट्रल लॉक, मोठा स्क्रीन, मागचा कॅमेरा, सनरूफ. प्रत्येक सोयीचे दहा-पंधरा हजार वाढवून सांगतो. इथे आपण सूप घ्यायचं आणि ही यादी पाखडायची. आमच्या मते तिचे चार वाटे होतात.

पहिला वाटा जीव वाचवणाऱ्या वस्तूंचा. एबीएस, एअरबॅग आणि सीटबेल्ट. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जागीच न जखडता फिरत ठेवणारी यंत्रणा. त्यामुळे ओल्या रस्त्यावर गाडी घसरत न जाता वळवता येते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्ता कोरडा असतो कधी? नवीन मोटारींना एबीएस १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं आणि चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या गाड्यांत ही साधनं बहुतेक वेळा फक्त महागड्या प्रकारात असायची. एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांत एकीत एबीएस असतं, दुसरीत नसतं. मागे चिकटवलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका, ती बाजारात विकत मिळतात.

मग ओळखायचं कसं? चावी फिरवली, की इंजिन सुरू होण्याआधी समोरच्या पट्टीवर एबीएसचा आणि एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड आहे. आणि मुळीच लागला नाही, तर आणखी सावध व्हा. बिघाड लपवायला कोणीतरी दिवाच काढून टाकलेला असू शकतो.

एअरबॅगबद्दल आणखी एक गोष्ट. टाकाटा या जपानी कंपनीच्या जुन्या एअरबॅग जगभर परत मागवल्या गेल्या. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून त्यांच्यातली दारू बिघडते, आणि फुगताना धातूचे तुकडे अंगावर येऊ शकतात. भारतात होंडाच्या जुन्या गाड्यांचे असे भाग कंपनीने बदलून दिले. आपली किनाऱ्याची हवा उष्ण आणि दमट दोन्ही. म्हणून अशी गाडी घेताना चासी नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा, भाग बदलला आहे का.

सीटबेल्ट मात्र प्रत्येक आसनाला चालू हवा, मागच्यासुद्धा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी होती, एअरबॅगही होत्या. मागे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता आणि ते दोघेच गेले. आपल्या घरात मागे कोण बसतं? आपण, आपली मुलं, आपली सासू. म्हणून बघायला जाल तेव्हा स्वतः मागे बसा आणि बेल्ट ओढून लावून बघा.

या पहिल्या वाट्याची खूण अशी, की या वस्तू नंतर बसवता येत नाहीत. एबीएस आणि एअरबॅग कारखान्यातूनच यावी लागते. म्हणून पैसे मोजायचे तर इथे मोजा.

दुसरा वाटा नावाला चैनीचा, पण आपल्या मुलखात गरजेचा. एसीचंच घ्या. एका बैठकीत काकी म्हणाल्या, "माका एसी नको, ब्रेक व्हयो." ब्रेक पहिला, हे बरोबरच. पण पावसात आंबोलीला धुकं उतरतं, आत चार माणसांचा श्वास, आणि समोरची काच आतून पांढरी होते. चालक फडक्याने पुसत एका हाताने गाडी चालवतो. एसी हवेतला ओलावा काढतो, म्हणून काचेवर हवा सोडली की ती लवकर स्वच्छ होते. एसी चालू नसलेली गाडी म्हणजे धुक्यात अर्धी आंधळी गाडी. तसंच पॉवर स्टिअरिंग. गाडी पोरगाच चालवणार असेल तर तो म्हणेल, नको. पण घरातली सून चालवणार असेल, आणि रात्रीअपरात्री आजारी माणसाला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला न्यायचं असेल, तर अरुंद वळणावर हलकं स्टिअरिंग मोठा आधार असतो. ते तपासताना गाडी उभी ठेवून चाक दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. कण्हण्याचा आवाज आला किंवा हिसका बसला तर मेकॅनिकला दाखवा. वायपर आणि मागची काच तापवणाऱ्या तारा याच वाट्यात येतात.

तिसरा वाटा नंतर घालता येणाऱ्या वस्तूंचा. मोठा स्क्रीन, गाणी, मागचा कॅमेरा, सेंसर, सेंट्रल लॉक. हे सगळं कुडाळ, कणकवलीत बसवून मिळतं. त्यासाठी गाडीची किंमत वाढवून देऊ नका. उलट बाहेरून बसवलेल्या वस्तू असतील तर वायरी कशा जोडल्यात ते बघा. पट्टी गुंडाळून कुठेतरी खोवलेली वायर ही आगीची सुरुवात असते.

चौथा वाटा मिरवण्याचा. सनरूफ, विजेवर हलणारी सीट, मोठी चाकं, खाली बसवलेली गाडी. सनरूफचं पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. त्या पानांनी, धुळीने तुंबल्या की आपला पाऊस थेट आतल्या गालिच्यात. खाली बसवलेली गाडी आपल्या वाडीच्या जांभ्या दगडाच्या पाखाडीवर पोट घासते. हा वाटा सुपातून खाली पडला तरी चालेल.

विजेवरची प्रत्येक सोय म्हणजे एक मोटर, एक बटण आणि तारांची एक जोडी. मालवण, देवबाग, आचरा, वेंगुर्ल्याच्या खाऱ्या वाऱ्यात तारांची टोकं हिरवी पडतात. भर पावसात पॉवर विंडो खालीच अडकली तर सोयीची गैरसोय होते. म्हणून चारही काचा दोन-दोनदा वरखाली करून बघा. आणि गंज बघा. वरचा चकचकीत रंग पाहून भुलू नका. डिकीतला गालिचा उचला, स्टेपनी काढा, दाराच्या खालच्या कडा बोटाने दाबा, गाडीच्या पोटाखाली टॉर्च मारा. गंज सांगाड्यापर्यंत गेला असेल तर ती गाडी फुकट मिळाली तरी नको.

इंजिन दमदार असलं तरी थांबवणारं सामान तितकंच दमदार हवं. टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला टायर. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं. जुनं झालेलं तेल घाट उतरताना तापून उकळतं आणि ब्रेक पायाखाली मऊ होतो. ते बदलायला फार खर्च येत नाही. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यामुळे जुन्या गाडीच्या रबरी नळ्याही तपासून घ्या.

सुटे भाग मिळतील का, हेही विचारा. शेवरलेची विक्री भारतात २०१७ च्या अखेरीस थांबली. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या गाड्या वाईट नाहीत, पण एखादा भाग येईपर्यंत गाडी अंगणात उभी राहील आणि हप्ता मात्र चालूच राहील.

आता हिशोब. समजा गटाने १,००,००० रुपये महिना १ टक्का व्याजाने, घटत्या शिलकीवर, २४ महिन्यांसाठी दिले. हप्ता साधारण ४,७०७ रुपये. गाडी महिन्याला ६०० किलोमीटर फिरली आणि लिटरला १० किलोमीटर चालली, तर ६० लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर ६,३०० रुपये. लिटरला १६ किलोमीटर देणारी लहान गाडी असती तर ३,९३८ रुपयांत भागलं असतं. म्हणजे इंजिनाच्या जोशाची किंमत वर्षाला २८,००० रुपयांच्या वर. ती कोण भरणार, ते अर्जात लिहून घ्या. आमच्या एका गटातल्या वहिनी भाच्याला म्हणाल्या, "गाडी चढाव चढतली रे, पण पैशे खयसून येतले?" त्या गटाने दोन गाड्यांची तुलना केली. एकीत स्क्रीन आणि सनरूफ, दुसरी साधी, पण एबीएस चालू आणि खालून गंज नसलेली. त्यांनी साधी निवडली आणि वाचलेल्या पैशांतून चार टायर, बॅटरी आणि ब्रेकचं काम करून घेतलं. आमचाही सल्ला तोच. हातात दीड लाख असतील तर गाडी एक लाखाची बघा आणि पन्नास हजार दुरुस्तीला, विम्याला आणि कागदांना राखून ठेवा.

कागदांचं थोडक्यात सांगतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. २०२२ पासून त्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि २० वर्षांवरच्या गाडीला त्याहून जास्त लागतं. आरसी बुकावर बँकेचं नाव असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र हवं. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. थकलेले ई-चलान आधी ऑनलाइन बघा. परराज्यातली स्वस्त गाडी घेताना तिथलं ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्राचा कर लागतो, मग ती स्वस्त राहतेच असं नाही. आणि तारकर्लीला पर्यटक फिरवायचे असतील तर पांढऱ्या पाटीची गाडी चालत नाही. भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

शेवटची गोष्ट, आणि आम्हाला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. कर्ज बाईच्या नावावर, अंगठा किंवा सही बाईची, परतफेड बाईच्या बचतीतून. मग आरसी बुकावर नाव कोणाचं? फॉर्म ३० भरताना तिथे तिचंच नाव घाला. पोरग्याने चालवावी, भावोजींनी चालवावी, आनंद आहे. पण उद्या गाडी विकायची झाली तर तिच्या सहीशिवाय विकली जाऊ नये. आणि जमलं तर लायसन्सही काढा. चावी खिळ्याला टांगलेली असते, घरात कोणाच्या छातीत दुखतं आणि गाडी चालवणारा माणूस रापणीवर गेलेला असतो, अशा वेळी कळतं की गाडीतली सगळ्यात मोठी सोय म्हणजे ती आपल्याला चालवता येणं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत गाडीचा अर्ज आला तर तो लगेच नाकारू नका आणि लगेच मंजूरही करू नका. विचारा: थांबते कशी? पावसात दिसतं का? खालून कुजली आहे का? भाग मिळतात का? पेट्रोल कोण भरणार? आणि नाव कोणाचं? या सहा प्रश्नांची उत्तरं ठरावाच्या वहीत लिहा. मग स्क्रीन लहान असला काय आणि मोठा असला काय.

आपल्या गटात असा अर्ज आला असेल तर तुम्ही काय ठरवलंत ते आम्हाला नक्की कळवा.