हातचा नसलेला गुणाकार

गणित चुकवता यावे म्हणूनच मी बी.ए. केले, हे आधीच कबूल करतो. आमचे घर मोमिनपुऱ्यातले. अब्बा मागावर लुगडी विणायचे. शाळेत ते फारसे गेले नव्हते, पण काठाचे धागे मोजताना कधी चुकले नाहीत. मी मात्र गुणाकारात हातचा विसरायचो आणि उत्तर हातचे जायचे.

परवा पुतणीने वहीत एक गुणाकार मांडला. नऊ एक शेजारी-शेजारी, १११११११११. या संख्येला तिनेच गुणायचे. नऊ ओळी झाल्या, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. मग उभी बेरीज. कडेला १, मग २, मग ३, मधोमध ९ आणि तिथून पुन्हा पायरी-पायरीने १ पर्यंत. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. उलटे वाचा, तेच! कुठल्याच रांगेत नवापेक्षा जास्त एक येत नाहीत, म्हणून हातचा घ्यावाच लागत नाही. मला तर त्या वहीत लुगड्याचा काठच दिसला.

अशा संख्यांना ‘डेमलो’ हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर देवळालीत शाळामास्तर होते. डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. त्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली, म्हणून संख्येला स्थानकाचे नाव!

आणखी एक गंमत पाहा. या सतरा अंकांची बेरीज होते ८१, आणि ८१ ने या संख्येला नि:शेष भाग जातो. स्वत:च्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो, ती संख्या कापरेकरांच्या भाषेत ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी. गणितात असा शब्द वापरणारा माणूस मला आमच्या जातकुळीचा वाटतो.

त्यांच्याकडेही पदव्युत्तर पदवी नव्हती. ‘याचा उपयोग काय?’ म्हणत कित्येक गणितज्ञांनी त्यांचे काम बाजूला सारले. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी अमेरिकेत लिहिले आणि जगाचे लक्ष गेले. तोवर मास्तरांची सत्तरी झाली होती. ‘मियाँ, मराठीत कविता कशाला?’ हा प्रश्न मी तीस वर्षे ऐकतो आहे. आता उत्तर सापडले. हर्षासाठी.

पुतणीने मग दहा एक घेतले. मधल्या रांगेत दहा आले, हातचा आला आणि काठ विस्कटला: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गळाला, मधोमध दोन शून्ये. ती हिरमुसली. मी म्हणालो, ‘‘अगं, कुठे थांबायचे ते विणणाऱ्याला ठाऊक असावे लागते.’’

अब्बा नेमके कुठे थांबायचे, कसे मोजायचे, हे मी त्यांना कधी विचारलेच नाही. तेवढा एक हातचा राहून गेला.