जुनी मोटार : कार्बोरेटर की इंजेक्शन?



वसंतातल्या व्याख्यानाचा विषय काव्याचा असावा, नाटकाचा असावा, फार तर राज्यकारभाराचा असावा. मोटारीच्या पोटातल्या एका लहानशा भांड्यावर बोलायला उभ्या राहणाऱ्या माणसाकडे श्रोत्यांनी संशयाने पाहिले तर त्यात नवल नाही. पण आपल्यापैकी कित्येकांच्या घरी वडिलांची फियाट आहे, कोणाच्या वाड्याच्या पडवीत आजोबांची मॉरिस ताडपत्रीखाली निजलेली आहे, आणि ती पुन्हा रस्त्यावर आणावी अशी इच्छा मनात आली की पहिल्याच दिवशी वाद उभा राहतो. एक म्हणतो, ‘कार्बोरेटर काढून टाका, इंजेक्शन बसवा, किल्ली फिरवली की गाडी सुरू.’ दुसरा म्हणतो, ‘खबरदार! एक बोल्ट बदललात तर गाडी बाटली.’ दोघेही तावातावाने बोलतात आणि मालक बिचारा मध्ये उभा राहतो. त्या मालकाच्या बाजूने आज विचार करायचा आहे.

हा वाद आताच निकडीचा का झाला, त्याला कारणे आहेत. २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली आणि नव्या दुचाक्यांतूनही कार्बोरेटर जवळजवळ नाहीसा झाला. मोटारींतून तो त्याआधीच वीस वर्षे गेला होता. म्हणजे ज्या मुलाने आज गॅरेजात पाना हाती धरला, त्याने कार्बोरेटर उघडलेला पाहिला असेलच असे नाही. दुसरे कारण पेट्रोलचे. २०२२ च्या जूनपर्यंत आपल्या पेट्रोलात शेकडा दहा इथेनॉल आले, आणि २०२५ मध्ये ते वीसवर गेले. ज्या इंजिनाचा आहार ठरवणारा माणूस केव्हाच काळाआड गेला, त्या इंजिनाच्या ताटात आपण नवेच अन्न वाढतो आहोत.

आता ही दोन यंत्रे करतात काय, ते थोडक्यात पाहू. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४·७ किलो हवा लागते. हवा जास्त झाली तर मिश्रण पातळ, पेट्रोल जास्त झाले तर दाट. पातळ मिश्रणाने इंजिन तापते आणि अडखळते. दाट मिश्रणाने काळा धूर येतो, प्लग काजळतात आणि खिसा हलका होतो. हे प्रमाण सांभाळणे एवढेच काम. पण ते थंड इंजिनात, तापलेल्या इंजिनात, चढावर, उतारावर आणि सिग्नलपाशी उभे असतानाही सांभाळायचे असते.

ढेकूण-डासांवर मारायचा फ्लिटचा पंप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कार्बोरेटर निम्मा समजलाच म्हणून समजा. हवा अरुंद जागेतून वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि शेजारच्या नळीतले द्रव आपण होऊन वर चढून तुषार होऊन उडते. गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी राखणारा तरंगता गोळा असतो ना, तसाच एक गोळा कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखतो. एवढ्या दोन कल्पनांवर मोटारीचे जग शंभराहून अधिक वर्षे चालले. जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने १८९३ च्या सुमारास तुषाराचा कार्बोरेटर सिद्ध केला, आणि पुढे त्याला एकेक जोड मिळत गेली : थंडीसाठी चोक, उभ्या गाडीसाठी निराळे जेट, एकदम पाय दाबला तर पेट्रोलची पिचकारी मारणारा छोटा पंप. जुन्या घराला एकेक पडवी वाढवत जावे तसे हे झाले. घर राहण्याजोगे झाले, पण सरळ रेषेत राहिले नाही.

त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. कार्बोरेटरला हवेचा वेग कळतो, तिचा विरळपणा नीटसा कळत नाही. महाबळेश्वरी, सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, हवा सपाटीपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने विरळ असते. तिथे हवा जितकी घटते तितके पेट्रोल घटत नाही. मिश्रण शेकडा सहा-सात दाट होते आणि गाडी सुस्तावते. इंजेक्शनमध्ये पंप पेट्रोलला दाबाखाली ठेवतो, संगणक हवेचा दाब, तपमान आणि सायलेन्सरच्या नळीतला उरलेला प्राणवायू मोजतो, आणि तेवढ्यापुरतीच तोटी उघडतो. महाबळेश्वर असो की महाड, त्याला दोन्ही सारखेच. यंत्र म्हणून श्रेष्ठ कोणते हा वाद मिटलेला आहे, इंजेक्शनच श्रेष्ठ. तो वाद पुन्हा उकरून काढण्यात मला स्वारस्य नाही. मालकाचा प्रश्न वेगळा आहे : माझ्या या गाडीत ते बसवावे का?

इथे थोडा इतिहास कामाला येतो. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात दोन इंजिनांची गाठ पडली. इंग्रजांच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते, त्याला कार्बोरेटर. जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ मध्ये डेमलर-बेन्झचे इंजिन होते, त्याला इंजेक्शन. जर्मन वैमानिक संकटात सापडला की विमानाचे नाक एकदम खाली घाली आणि सूर मारी. इंग्रजाने तसेच केले की वाटीतले पेट्रोल वर छताला चिकटे, इंजिन क्षणभर उपाशी राही. आणि लगेच गोळ्याचा ताबा सुटून इतके पेट्रोल येई की इंजिनाचा श्वास कोंडे. तेवढ्या वेळात सावज निसटे. म्हणून इंग्रज वैमानिक आधी विमान उलटे करीत आणि मग सूर मारीत.

यावर उपाय काढला तो फार्नबरोच्या विमानसंशोधन संस्थेतल्या बिआट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी. १९४१ साली त्यांनी पेट्रोलच्या नळीत बसणारी एक भोकाची छोटी चकती तयार केली. इंजिनाला लागेल त्याहून जास्त पेट्रोल त्या भोकातून जाऊच शकत नसे. दोष पुरता गेला नाही, पण जीवघेणा राहिला नाही. चकती बसवायला विमान कारखान्यात परत न्यावे लागले नाही, हे महत्त्वाचे. आणि कार्बोरेटर ठेवण्यामागे रोल्स-रॉइसचा हेकेखोरपणाच होता असेही नाही. पेट्रोल सुपरचार्जरच्या आधीच हवेत मिसळले की बाष्प होताना ते त्या हवेला थंड करते. थंड हवा दाट, आणि दाट हवा म्हणजे अधिक शक्ती. ही देणगी त्यांना सोडायची नव्हती. तेव्हा ज्याला आपण सरसकट मागासलेले म्हणतो, त्याच्या मागे कधीकधी कोणाचा तरी विचार असतो.

शांततेच्या काळातही गंमत पाहा. जुनी गाडी म्हणजे कार्बोरेटरच, हे समीकरण खरे नाही. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल गाडीला कारखान्यातूनच इंजेक्शन होते. पुढे १९५८ साली अमेरिकेत क्रायस्लरने बेन्डिक्सचे विजेवरचे इंजेक्शन मोजक्या गाड्यांवर बसवले. ते इतके बेभरवशाचे निघाले की त्यांतल्या बहुतेकांना पुन्हा कार्बोरेटर लावून द्यावे लागले. कल्पना बरोबर होती, त्या काळचे विजेचे भाग तिला पेलणारे नव्हते. १९६७ साली फोक्सवॅगनने अमेरिकेत विकायच्या १६०० गाडीवर बॉशचे इंजेक्शन बसवले तेव्हा कुठे ती मार्गी लागली.

त्याच १९६७ मध्ये ट्रायम्फ कंपनीने आपल्या आजच्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही बाजूंनी देऊन टाकले. अडीच लिटरचे एकच सहा सिलिंडरी इंजिन. इंग्लंडात विकायच्या टीआर-५ ला लुकासचे यांत्रिक इंजेक्शन आणि दीडशे अश्वशक्तीचा दावा, तर अमेरिकेला पाठवायच्या टीआर-२५० ला दोन कार्बोरेटर आणि पुष्कळच मवाळ स्वभाव. लुकासचा पंप चौरस इंचाला शंभर पौंडांच्या वर दाब देई आणि उन्हाळ्यात तापून कुरकुरे. त्याला कंटाळून पुढच्या काळात कित्येक इंग्रज मालकांनी इंजेक्शन काढून कार्बोरेटर बसवले. म्हणजे आज आपण ज्या दिशेने जायचे म्हणतो, तिच्या नेमके उलट! आणि आता अशा गाड्यांचे मूळ रूप परत आणायचे तर काढलेले इंजेक्शन पुन्हा शोधून बसवावे लागते. काढलेली वस्तू ज्यांनी फडताळात जपून ठेवली, ते शहाणे ठरले.

आता आपल्या घरच्या गाडीकडे येऊ. फियाट ११००, पुढे जिला १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले, ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरी इंजिन आणि एकच साधा कार्बोरेटर. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी निघून गेली. तोवर त्या टॅक्सीवाल्यांनी ही इंजिने फुटपाथवर बसून उघडली आणि बसवली. साध्या यंत्राची ही खरी श्रीमंती.

अशी गाडी ‘मिसिंग’ करू लागली, पिकअप घेईनाशी झाली, की दोष कार्बोरेटरवर येतो. जुने मेकॅनिक हसतात, आणि त्यांचे हसणे रास्त आहे. कारण कार्बोरेटरचे पुष्कळसे आजार कार्बोरेटरात नसतातच. पॉइंट जळलेले असतात, टायमिंग हललेले असते, मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून चोरहवा आत येत असते, टाकीतला गंज जेटमध्ये येऊन बसलेला असतो. कार्बोरेटरात खरोखर झिजते ते थ्रॉटलच्या दांड्याचे भोक आणि सुईचे बूड. दोन्ही दुरुस्त होण्याजोगे. हे काहीही न तपासता इंजेक्शन बसवले तर तो गंज आता तोटीत अडकेल आणि ती चोरहवा संगणकाला चकवील. रोग तोच राहील, वैद्य मात्र महाग मिळेल.

इथेनॉलचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्याचा नाही. निव्वळ इथेनॉलच्या एका किलोला नऊच किलो हवा पुरते. म्हणून वीस टक्क्यांच्या मिश्रणाला सुमारे साडेतेरा पुरते. जुन्या जेटमधून तेच माप गेले तर मिश्रण आठेक टक्के पातळ पडते. इंजेक्शन प्राणवायू मोजून हे आपोआप सावरते, हा त्याचा मोठाच गुण. पण हिशेब करून पाहा. सोलेक्स किंवा वेबरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शतांशांत. १२० चे जेट काढून १२५ चे लावले की भोकाचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. शिलिंगबाईंच्या चकतीएवढाच हा पितळी तुकडा! खरी हानी वेगळीच आहे. इथेनॉल जुने रबर फुगवते आणि ठिसूळ करते, पंपाचा पडदा खाते, हवेतले पाणी ओढून घेते. आणि कोकणात चार महिने पावसात गाडी उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसून पत्र्याला गंज चढवते. तेव्हा नळ्या, पडदे, गॅस्केटे इथेनॉलला दाद न देणाऱ्या रबराची हवीत, आणि ती कार्बोरेटर ठेवलात तरी हवीत, इंजेक्शन लावलेत तरी हवीत. यात कंजूषपणा करू नये. तापल्या इंजिनावर गळणारी नळी म्हणजे आगीला आमंत्रण.

इंजेक्शन घरात आले की एकटे येत नाही, सासरची सगळी मंडळी घेऊन येते. फियाटचा यांत्रिक पंप चौरस इंचाला तीन-चार पौंड दाब देतो; आजच्या इंजेक्शनला चाळीसच्या वर लागतो. म्हणजे विजेचा पंप आला, दाबाच्या नळ्या आल्या, बहुधा जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळीही आली. त्या पंपाला आणि संगणकाला वीज सतत आणि स्थिर हवी. जुना डायनामो सिग्नलपाशी पेंगतो, म्हणून आल्टर्नेटर आला. जुन्या पॉइंटांच्या ठिणगीचा विजेचा गोंगाट संगणकाला सहन होत नाही, म्हणून इग्निशनही बदलले. बाहेरून कार्बोरेटरसारखीच दिसणारी इंजेक्शनची भांडी आज मिळतात, त्यामुळे बॉनेट उघडणाऱ्याला फरक कळत नाही. पण अपघात झाला किंवा आग लागली तर पंप आपोआप बंद करणारा स्विच आहे की नाही, हे मालकाने पाहिलेच पाहिजे. शिवाय तो संगणक मध्यरात्री माळशेज घाटात रुसला तर फुटपाथवरच्या कारागिराचा इलाज चालत नाही.

कायद्याचीही एक गोष्ट. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील मूळ रूपातल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत भरीव फेरबदल झालेले नसावेत, ही त्यातली अट. इंजेक्शन बसवणे त्यात मोडते की नाही, हे पान्याला हात लावण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे, नंतर नव्हे.

मग माझे मत काय? वर्षातून चार-सहा वेळा मिरवणुकीला, लग्नाला किंवा रविवारी सिंहगडच्या पायथ्यापर्यंत जाणारी गाडी असेल, तर कार्बोरेटर ठेवा, नीट दुरुस्त करा, जेट बदला आणि ते उघडायला घरातल्या एका तरी मुलाला किंवा मुलीला शिकवा. गाडी दुर्मिळ असेल तर हे दुप्पट खरे. पण ज्याला जुन्या गाडीने रोज कचेरीला जायचे आहे, पुण्या-मुंबईच्या रांगेत तासभर उभे राहायचे आहे, घाटात पेट्रोलचे बाष्प होऊन गाडी बंद पडली की पंपावर ओले फडके टाकून बसायची ज्याची तयारी नाही, आणि ज्याच्या गाडीसारख्या आणखी हजारो गाड्या आहेत, त्याने इंजेक्शन जरूर बसवावे. त्याला बाटगा म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. इंजेक्शन लावलेली पण चालणारी गाडी ही मूळ कार्बोरेटरसह ताडपत्रीखाली कुजणाऱ्या गाडीपेक्षा केव्हाही बरी.

मात्र इंजेक्शन बसवताना मडगार्डला किंवा टाकीला नवी भोके पाडू देऊ नका. परतीच्या नळीसाठी टाकीला भोक लागणारच असेल तर दुसरी टाकी घ्या आणि जुनी ठेवून द्या. उतरवलेला कार्बोरेटर पेट्रोलने स्वच्छ धुवा, वाटी पूर्ण कोरडी करा, हलके तेल लावा, कागदात गुंडाळा, त्याच्या जेटचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी त्याच डब्यात टाका, आणि डब्यावर गाडीचा नंबर घाला.