हयगय आणि आजार यांतील अंतर

(सेलू, जि. वर्धा येथे पंचायत समितीच्या सभागृहात अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



माहिती अधिकारी बोलावयास उभा राहिला म्हणजे तो एखाद्या योजनेची माहिती देणार, असे श्रोते गृहीत धरतात. आजचा विषय तसा नाही. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मला मनोविकारतज्ज्ञांनी एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता आणि अतिचंचलतेचा विकार असल्याचे सांगितले. त्याविषयी मी बोलणार आहे.

खरे तर दवाखान्यात मी माझ्यासाठी गेलोच नव्हतो. चौथीतल्या मुलाच्या बाईंनी आम्हांस बोलावून घेतले होते. मुलगा हुशार आहे, पण उत्तर अर्धे लिहून सोडतो, डबा शाळेत विसरतो, वर्गात दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. डॉक्टर एकेक प्रश्न विचारू लागले तेव्हा माझी पत्नी मुलाकडे न पाहता माझ्याकडे पाहत होती. घरात आणखी कोणी असे आहे काय, असे त्यांनी शेवटी विचारले. ती म्हणाली, "आहेत ना, हे काय, इथेच बसले आहेत." आम्ही सगळेच हसलो. पण डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेले नाही. या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून तो ७० ते ८० टक्क्यांच्या घरात असल्याचे मानले जाते.

हा विकार मोबाईल आल्यानंतरचा आहे, अशी एक समजूत आढळते. ती बरोबर नाही. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. पुढे कित्येक वर्षे ही लहान मुलांचीच अडचण समजली गेली आणि वयात आल्यावर ती आपोआप जाते असे वैद्यकातही मानले जात होते. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या पॉल वेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रौढांवरील आपले निरीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा या समजुतीला तडा गेला. मुलाचे उड्या मारणे मोठेपणी थांबते. आतली अस्वस्थता मात्र राहते. प्रौढांमध्ये याचे प्रमाण शेकडा अडीच ते तीन असल्याचे आज मानले जाते. या सभागृहात शंभर माणसे बसली असतील तर हिशेब आपला आपण करावा. मी त्यांतला एक झालोच.

'अवधान-न्यूनता' हा शब्द मला स्वतःला फारसा पटत नाही. आपण सेलूकर आहात, बोर धरणाचे पाणी आपल्या परिचयाचे आहे. धरणात पाणी नाही अशी आमची स्थिती नसते. कालव्याचे दार हवे त्या वेळी उघडत नाही आणि एकदा उघडले की बंद होत नाही, ही खरी अडचण. आवडीचा विषय मिळाला तर मी रात्री दोन वाजेपर्यंत लिहीत बसतो, जेवणाचीही आठवण राहत नाही. आणि दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवावयाचे असले तर ते तीन आठवडे टेबलावर पडून राहते. ते दररोज दिसते, दररोज त्याची लाज वाटते, पण हात पुढे होत नाही. आमच्या घरी मला 'आरंभशूर' म्हणत. आई म्हणायची, एक ना धड भाराभर चिंध्या. ती चुकीचे बोलत नव्हती. फक्त त्या चिंध्या मी हौसेने करीत नव्हतो, हे तिलाही ठाऊक नव्हते आणि मलाही.

वेळेच्या बाबतीत तर विचारूच नका. आमच्या लेखी काळाचे दोनच भाग असतात : 'आता' आणि 'आता नाही'. महिन्याअखेरची तारीख 'आता नाही' या भागात असते ती एकोणतीस तारखेपर्यंत. मग तहान लागल्यावर विहीर खोदण्याची धावपळ. कमरेला घड्याळ बाळगणाऱ्या महात्म्याने ज्या जिल्ह्यात वास्तव्य केले, त्याच जिल्ह्यात उभे राहून हे सांगताना संकोच वाटतो.

एक प्रसंग सांगणे भाग आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, दुसऱ्या एका जिल्ह्यात असताना, शेतकऱ्यांसाठीच्या एका योजनेची अंतिम तारीख वर्तमानपत्रांना कळवावयाची होती. बातमी मी त्याच रात्री लिहिली, चांगली लिहिली, फक्त पाठवायची राहिली. ती धाडली तेव्हा दोनच दिवस उरले होते. नंतर एक वयस्क शेतकरी कागदपत्रांची पिशवी घेऊन कार्यालयात आले. मुदत टळून गेली होती. ते भांडले नाहीत. "साहेब, आठ दिवस आधी समजलं असतं तर सातबारा आणला असता," एवढेच म्हणाले. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, आणि ती योग्यच होती. खुलाशात मी 'कामाचा व्याप' असे लिहिले. ते खरे नव्हते. खरे कारण मला सांगताच आले नसते, कारण ते मला माहीतच नव्हते.

आपणांपैकी बहुतेकांना विलंबास प्रतिबंध करणारा आपल्या राज्याचा २००५ चा अधिनियम ठाऊक आहे. कोणतीही फाईल कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहू नये, असे तो सांगतो. हेतुपुरस्सर केलेला विलंब शिस्तभंगास पात्र ठरतो. 'हेतुपुरस्सर' या शब्दापाशी मी अनेकदा थांबलो आहे. मुद्दाम अडविलेली फाईल आणि उचलण्याचे बळच न झालेली फाईल, दोन्ही टेबलावर सारख्याच दिसतात. अडलेल्या नागरिकाला तर दोहोंत काडीचाही फरक नाही. म्हणून निदान झाले म्हणजे माफी मिळाली, असे मी मानीत नाही. त्या शेतकऱ्याचे नुकसान निदानाने भरून निघत नाही. पण उपाय करावयाचा तर दोहोंतील फरक जाणावाच लागेल. अडविणाऱ्यावर शिस्तीचा बडगा चालतो. ज्याच्याने सुरुवातच होत नाही त्याला बडगा दाखविला तर भीतीने तो आणखी गोठतो. हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

उपाय कोणते ? गंमत अशी की, त्यांतील पुष्कळसे आपल्या कार्यालयीन पद्धतीत पूर्वीपासून आहेत. कार्यविवरण नोंदवही, प्रतीक्षाधीन प्रकरणांची नोंद, सहा गठ्ठे पद्धत यांना मी नोकरीत लागलो तेव्हा कंटाळवाणी कारकुनी समजत असे. आज त्या माझ्या कुबड्या आहेत. जे डोक्यात टिकत नाही ते डोक्याबाहेर, डोळ्यांसमोर ठेवावयाचे, हेच त्यांचे सार. कार्यवाहीचा गठ्ठा माझ्या उजव्या हाताला असतो, आणि त्यातील वरची एकच फाईल उघडी. मोठे काम असेल तर पहिली पायरी इतकी लहान करतो की टाळण्यास लाज वाटावी : 'अहवाल लिहिणे' नव्हे, तर 'अहवालाचे शीर्षक लिहिणे'. एक सहकारी दररोज साडेदहाला माझ्यासमोर दहा मिनिटे बसतात. ते काही करीत नाहीत, स्वतःची टपाले पाहतात. पण समोर माणूस असला की माझे काम सुरू होते. हे का होते याचे कोडे मला अजून पुरते उलगडलेले नाही, परंतु होते खरे.

औषधांविषयी थोडे. मिथिलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन ही औषधे आपल्या देशात मिळतात. पहिले अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते मिळत नाही आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवर ते कदापि घेऊ नये. नाडी व रक्तदाब तपासत राहावे लागते. मला औषधाचा उपयोग झाला. पण गोळी नोंदवही लिहीत नाही, ती मलाच लिहावी लागते.

आता एक सावधगिरीची सूचना. विसरणारा प्रत्येक जण या विकाराचा नसतो. झोप अपुरी असणे, पंडुरोग, थायरॉइडचा दोष, नैराश्य, दारू यांनीही चित्त लागत नाही. या विकाराची चिन्हे वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत दिसलेली असावी लागतात, आणि ती घरी, शाळेत वा कामाच्या जागी, अशी एकाहून अधिक ठिकाणी. म्हणूनच डॉक्टरांनी माझे जुने प्रगतिपुस्तक मागितले होते. आईने ते ट्रंकेत जपून ठेवले होते. 'बुद्धिमान, परंतु धांदरट' हा शेरा त्यात तीन इयत्तांमध्ये आहे.

शिक्षक भगिनींना माझी विशेष विनंती आहे. वर्गात धिंगाणा घालणारा मुलगा लगेच नजरेत भरतो. खिडकीबाहेर पाहत शांत बसलेली मुलगी नजरेत येत नाही. तीच पुढे संसारात पडते, दूध उतू जाते, गॅस चालू राहतो, आणि 'हिचे लक्षच नसते' हा शेरा तिला आयुष्यभर पुरतो. स्त्रियांचे निदान उशिरा होते किंवा होतच नाही, त्याचे हे एक कारण आहे.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमात एकवीस प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे; एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. तेव्हा कार्यालयात सवलत म्हणून काही मागता येईल अशी स्थिती नाही. मात्र ज्याला खर्च लागत नाही असे बरेच काही वरिष्ठांच्या हाती आहे. तोंडी सूचनेमागून दोन ओळी लेखी द्याव्यात. महिन्याच्या एका मुदतीऐवजी आठवड्याच्या चार द्याव्यात. टेबल दारालगत असेल तर ते आत सरकवावे. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठराव झाला की तो कोणी, कोणत्या तारखेपर्यंत करावयाचा, हे तेथल्या तेथे मोठ्याने वाचावे. यात इतरांचेही काही बिघडत नाही.

तपासणीसाठी फार दूर जावे लागत नाही. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. प्रथम नुसते बोलावयाचे असेल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो विनामूल्य असून रात्रीही चालतो. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवता येईल.

सभापती महोदयांनी मला वीस मिनिटे दिली होती. घड्याळ मी उपरण्यावर काढून समोर ठेवले आहे, आणि त्यात एकोणीस झाली आहेत. उरलेल्या मिनिटात कोणास काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे. चारचौघांत नको वाटत असेल तर मी बाहेर पायऱ्यांपाशी थांबतो.